टोपलीवाली मेरी राणी

स्कॉटलंडमधल्या न्यूहेवनच्या कोळीवाड्यात बेथिया कार्नीला उंची मिळाली होती दोन बायकांची आणि आवाज चार बायकांचा. घरात शिरताना तिला वाकावं लागे, आणि वाकली की दर वेळी ती पुटपुटे, "हे दार बांधणारा बुटका मेला असेल तर बरंच झालं." दार तिच्या आजोबांनीच बांधलं होतं, आणि ते मेले होते.

एवढ्या उंच मुलीचं लग्न जमणं सोपं नव्हतं. डोलकाठी बोटीवर असते तेवढी पुरे, घरात दुसरी कशाला, असं बंदरावरची पोरं म्हणत. तरी वॅटी लिस्टनने तिला मागणी घातली. वॅटी तिच्या खांद्याला लागायचा, तोही रविवारचे बूट घातले असतील तर.

"माझ्या शेजारून चालताना लाज नाही वाटणार तुला?" तिने विचारलं.

"तू वाऱ्याच्या बाजूने चाल म्हणजे झालं," वॅटी म्हणाला.

फोर्थच्या खाडीवरून येणारा पूर्वेचा वारा ज्याने खाल्ला आहे, त्यालाच कळेल की याहून गोड मागणी आमच्या बंदरात कुणी घातली नसेल. लग्न झालं. आमच्याकडे कोळीण लग्नानंतरही माहेरचंच आडनाव लावते, त्यामुळे बेथिया कार्नी ती कार्नीच राहिली. वॅटी समुद्रावर जाऊन मासे आणी आणि बेथिया ते विकी. पाठीवर टोपली, टोपलीचा पट्टा कपाळावरून, अंगावर रेघारेघांचे दोन-तीन परकर, अशी ती पहाटे धक्क्यावरून निघे आणि चढाचा रस्ता तुडवत एडिनबर्गच्या श्रीमंत वस्तीत पोचे. तिथे ती घरोघरी मागच्या दाराशी उभी राहून भांडे. तिच्या धंद्यात मासा हे निमित्त, खरी मजा भांडणात.

असंच एक दार मिसेस गाउचं होतं. मिसेस गाउ म्हणजे पिटकेर्न नावाच्या चित्रकाराचं घर सांभाळणारी विधवा बाई. गोल, गोरी, आणि नाक कायम वर. वास येतो म्हणून की स्वभावच तसा, ते कुणाला कळलं नव्हतं.

"हा हॅडक कधीचा?" एके दिवशी मिसेस गाउने मासा दोन बोटांत धरून विचारलं.

"तुमच्या टोपीपेक्षा तरी ताजा आहे, बाई."

"डोळे बघ त्याचे. किती मलूल!"

"मेलाय तो. तुम्हाला काय त्याने डोळा मारायला हवा होता?"

बेथियाच्या आवाजाने वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. मग जिन्यावर सपातांची फटफट झाली आणि खुद्द पिटकेर्न दारात आले. कानामागे कुंचला, अर्ध्या गालाला साबण. त्यांनी बेथियाकडे पाहिलं आणि ओरडले, "हलू नका!"

बेथिया जागच्या जागी थिजली. तिला वाटलं मागे पिसाळलेलं कुत्रं आहे. पिटकेर्न तिच्याभोवती एक फेरी मारून आले.

"केवढ्या उंच आहात हो तुम्ही!"

"मासे घ्यायचेत की कापडाचं माप?"

"राणी!" पिटकेर्न म्हणाले. "माझी राणी सापडली!"

मिसेस गाउने आधी स्वतःकडेच पाहिलं. मग तिच्या लक्षात आलं की साहेब कोळणीकडे बघून बोलताहेत, आणि तिने हातातला हॅडक दगडावर आपटला.

भानगड अशी होती. मेल्ड्रम नावाच्या एका बिअरच्या कारखानदाराने नवं घर बांधलं होतं. घराला भला मोठा जिना, आणि जिन्याच्या भिंती रिकाम्या. त्या भिंतींवर स्कॉटलंडच्या जुन्या मेरी राणीचं आयुष्य रंगवून हवं असं त्याने पिटकेर्नना सांगितलं होतं. खाली राणी फ्रान्सहून येऊन लीथच्या धक्क्यावर उतरते तिथपासून, ते वर तिच्या मानेवर कुऱ्हाड पडते तिथपर्यंत. आता मेरी राणी म्हणजे ताडमाड बाई; तिच्या दरबारातले बरेच पुरुष तिच्याकडे मान वर करून बोलत. आणि पिटकेर्नना मिळत त्या बायका सगळ्या बेताच्या. एकीला त्यांनी स्टुलावर उभं करून पाहिलं, तर चित्रात राणी स्टुलावर उभी असल्यासारखी दिसायला लागली.

"मला राणी व्हायला सवड नाही," बेथिया म्हणाली. "मासे उतरतील माझे."

"सगळी टोपली मी घेतो."

"सगळी?"

"तुम्ही याल त्या प्रत्येक दिवशी."

मिसेस गाउने भिंतीचा आधार घेतला.

"आणि मी करायचं काय?"

"काही नाही. नुसतं बसायचं."

बेथियाने आधी साहेबांकडे, मग रस्त्याकडे पाहिलं, कुणी तिची थट्टा करायला लपून उभं आहे का म्हणून. जन्माला आल्यापासून तिला कुणी हे सांगितलं नव्हतं.

"खुर्चीवर?" तिने दबक्या आवाजात विचारलं.

"मखमलीच्या."

तिने टोपली उतरवली.

अशी बेथियाची राणीगिरी सुरू झाली. पहिलं चित्र पिटकेर्ननी तळ्यातल्या किल्ल्याचं काढायला घेतलं. राणीला लॉक लेव्हनच्या तळ्यातल्या किल्ल्यात कैद केलंय, तिच्याकडून राज्य सोडल्याच्या कागदावर सही करून घेतलीय आणि ती खिडकीपाशी बसलीय. बेथियाला काळा मखमली झगा घातला, गळ्याभोवती कडक पांढरी झालर लावली, आणि खुर्चीत बसवलं.

"आता मनात आणा," पिटकेर्न म्हणाले, "की तुमचं सगळं गेलं. राज्य गेलं, मूल हिरावलं…"

बेथिया झोपली होती. पहाटेपासून ओझं वाहिलेली बाई, खाली मखमल, बाजूला शेगडी; दुसरं काय होणार? मान जरा कलली होती, पापण्या अर्ध्या मिटल्या होत्या. पिटकेर्ननी तिला उठवलं नाही. उठवतील कशाला? पुढे ते चित्र पाहून एका वर्तमानपत्राने लिहिलं की बंदिवान राणीच्या डोळ्यांत साऱ्या राजवंशाचं दुःख दाटलं आहे. ते चित्र ऐन घोरण्याच्या वेळी रंगवलं होतं.

एकच अडचण होती, हातांची. बेथियाचे हात खाऱ्या पाण्याने तांबडे झालेले, गळांनी कातरलेले, शिंपल्या सोलून सोलून सालपटं निघालेले. असे हात राणीला कसे चालतील? पिटकेर्ननी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांची नजर मिसेस गाउच्या गुबगुबीत गोऱ्या हातांवर गेली. त्या दिवसापासून राणीचं तोंड बेथियाचं आणि हात मिसेस गाउचे. मिसेस गाउ हातमोजे घालून भांडी घासायला लागली. बेथियाशी तिचं वागणंही बदललं. एकाच राणीचे दोन तुकडे म्हटल्यावर माणसं किती दिवस अबोला धरणार? घरात मात्र रोज हॅडक. सकाळी हॅडक, दुपारी हॅडक, संध्याकाळी हॅडकचं सूप. पिटकेर्नची मांजरंसुद्धा पुढे पुढे तोंड फिरवायला लागली.

पिटकेर्न रंगवता रंगवता बोलायचे. राणीची गोष्ट बेथियाला तुकड्या-तुकड्याने कळत गेली, आणि ती दुपारी घरी आली की तीच गोष्ट आमच्या आळीत व्हायची. बायका दारासमोर पालथ्या टोपल्यांवर बसून दुसऱ्या दिवसाच्या गळांना शिंपल्यांचं आमिष लावत. हात चालू, कान बेथियाकडे.

"पहिला नवरा फ्रान्सचा राजा," बेथिया सांगायची. "पोरसवदाच होता. कान दुखायचं निमित्त झालं आणि गेला."

"अरेरे."

"दुसरा नात्यातलाच. दिसायला राजबिंडा, अकलेच्या नावाने पूज्य, आणि दारुडा."

"राजबिंडे तसलेच असतात," मेसी फ्लकर म्हणाली. मेसी बेथियाची शेजारीण आणि बालमैत्रीण. तिचा नवरा दिसायला बेताचाच होता आणि ती त्यातच समाधान मानी.

"तो आजारी होऊन निजला होता ते घर कुणीतरी दारूगोळ्याने उडवलं."

"हिने?"

"साहेब म्हणतात, नक्की सांगता येत नाही."

"मग तिसरा कोण?"

"ज्याने उडवलं असं सगळे म्हणत होते, तोच."

सगळ्यांचे गळ हातातच राहिले.

"अगं बाई! दोन शब्द सांगायला तिला आई नव्हती का?"

"आई आधीच मेली होती. आणि होती ती फ्रान्सची."

"तरीच!" मेसी म्हणाली, आणि पुन्हा शिंपल्या सोलायला लागली.

हळूहळू आळीत दोन तट पडले. अर्ध्या बायका राणीच्या बाजूच्या, अर्ध्या विरुद्ध. दोन सख्ख्या जावांनी तर त्यावरून बोलणं टाकलं. नवरे समुद्रावरून येत तेव्हा घरात ओटची पेज करपलेली असे आणि बायको म्हणे, "थांबा हो, तिकडे तिला इंग्लंडच्या राणीने अडकवून ठेवलंय."

हे सगळं मिस्टर गिलक्रिस्ट यांच्या कानावर गेलं नसतं तरच नवल.

मंगो गिलक्रिस्ट हेरिंग मासे खारवायची लाकडी पिंपं बनवत आणि आमच्या चर्चच्या मंडळीत वडील, म्हणजे पंच, होते. उंच, हाडकुळे, लांब नाकाचे. रविवारी अगदी पुढच्या बाकावर ताठ बसत. पाप आधी डोळ्यांनी नीट पाहावं आणि मगच त्याच्यावर बोलावं, असा त्यांचा नेम होता. त्यामुळे न्यूहेवनमधलं बरंचसं पाप त्यांनी पाहिलेलं होतं. आपल्या मंडळीतली बाई पोपला मानणाऱ्या राणीचं सोंग घेते, हातात क्रूस धरून बसते, हे ऐकल्यावर त्यांनी काळा कोट चढवला आणि एडिनबर्ग गाठलं.

मिसेस गाउने दार उघडलं तेव्हा ते तिला बाजूला सारून थेट माडीवर गेले. बेथिया झगा घालून उभी होती. गिलक्रिस्टनी उंबऱ्यातूनच बोट उगारलं.

"बेथिया कार्नी! देवाच्या डोळ्यांदेखत…"

"हलू नका!" पिटकेर्न ओरडले.

गिलक्रिस्ट बोट वर ठेवून तसेच थांबले.

"आता झालं," बेथिया म्हणाली. "सगळी पिंपं घेतील ते तुमची."

पिटकेर्न त्यांच्याकडे बघत दोन पावलं मागे सरकले. "ते नाक! तो त्वेष! अहो, मी किती दिवस शोधतोय. जॉन नॉक्स! राणीच्या महालात जाऊन तिला तोंडावर सुनावणारा धर्मवीर नॉक्स!"

राजाचं नाव घेतलं असतं तरी गिलक्रिस्ट विरघळले नसते. पण नॉक्स म्हणजे आमच्या धर्माचा पाया घालणारा माणूस. त्यांचं बोट हळूहळू खाली आलं.

"माझ्यात… तसं काही दिसतं म्हणता?"

"दाढी लावली की हुबेहूब."

"दाढी मला वाढवता येईल," गिलक्रिस्ट म्हणाले.

"आणि माझ्या पापाचं काय?" बेथियाने विचारलं.

गिलक्रिस्टनी कोट काढून खुर्चीवर ठेवला. "ते नंतर बघू. उजेड आहे तोवर साहेबांचं काम होऊ दे. दुसऱ्याचा वेळ फुकट घालवणं हेही पापच."

पुढे मंडळीच्या वडिलांच्या सभेत जेव्हा बेथियाचा विषय निघाला, तेव्हा मिस्टर गिलक्रिस्ट म्हणाले की मी जातीने चौकशी करतो आहे आणि चौकशी लांबण्याची चिन्हं आहेत.

नॉक्स आणि राणीच्या चित्रात नॉक्सने गरजायचं आणि राणीने रडायचं, असं ठरलं होतं. बेथियाला हुकमी रडू येईना, म्हणून मिसेस गाउने रुमालात कांदा बांधून दिला. गिलक्रिस्टना मात्र काही शिकवावं लागलं नाही. त्यांनी आधी राणीला सुनावलं: तिची प्रार्थना, तिचे नाच, तिचे नवरे. राणीचं संपल्यावर ते न थांबता बेथियावर आले. प्रवचनात डुलक्या. शनिवारी संध्याकाळी रस्त्यात गाणं. घरंदाज बायकांना त्यांच्याच दारात उलट उत्तरं. बेथिया रुमाल डोळ्याला लावून मुकाट्याने ऐकत होती. कांदा आपलं काम करत होता.

"आणि नवरा तरी कसला केला!" गिलक्रिस्ट म्हणाले. "बोटीवर नांगर समजून त्यालाच पाण्यात टाकायचे एखादे दिवशी!"

बेथिया उठली. खरं तर चित्रात राणी बसलेली हवी होती. कांदा जमिनीवर घरंगळत गेला.

"मिस्टर गिलक्रिस्ट," ती शांतपणे म्हणाली, "तुमची पिंपं गळतात."

पिंपं करणाऱ्याला याहून मोठी शिवी आमच्या भाषेत नाही.

"गळतात," बेथिया म्हणाली, "आणि सगळ्या बंदराला माहीत आहे. मागच्या हंगामात तुमच्या पिंपांखाली आम्ही भांडी लावत होतो. माझा नवरा एवढासा आहे, पण त्याच्यातून कधी काही गळलं नाही. समुद्रावर जातो, परत येतो, आणि कुणाच्या घरात डोकावत नाही. कळलं?"

गिलक्रिस्ट एक पाऊल मागे गेले. बोट अजून वर होतं, पण कशासाठी ते बोटालाही आठवत नसावं. पिटकेर्न भराभर रंगवत होते.

असं ते चित्र झालं. त्यात राणी उभी आहे, तिचे डोळे लाल आहेत पण त्यांत रडू नाही; आणि धर्मवीर नॉक्स असा उभा आहे की जणू बोट वर करून पाऊस सुरू झाला का ते बघतोय. गिलक्रिस्टनी चित्र पूर्ण झाल्यावर बराच वेळ न्याहाळलं. माणूस चित्रात आपलं जे शोधतो तेच त्याला दिसतं. "नाक चांगलं आलंय," ते म्हणाले.

तिथून त्यांना त्या माडीची चटकच लागली. काम नसतानाही ते येत. कधी कॉलर दुरुस्त करायची राहिली म्हणून, कधी इकडून चाललो होतो म्हणून. एडिनबर्गच्या त्या गल्लीतून पिंपवाल्याला कुठे जायचं असतं, देव जाणे. मिसेस गाउ त्यांना चहा देई आणि सोबत हॅडक.

राहिलं शेवटचं चित्र, मरणाचं.

आमचे कोळी वादळाला भीत नाहीत, पण शब्दाला भितात. बोटीवर डुकराचं नाव काढायचं नाही, साल्मन माशाला साल्मन म्हणायचं नाही, आणि धक्क्यावर जाताना चर्चचा पाळक आडवा आला तर घरी परत. बेथियाची मान ठोकळ्यावर ठेवणार आहेत हे ऐकल्यावर वॅटीच्या बोटीचा तांडेल त्याला म्हणाला, "ज्याची बायको हौसेने मान कापून घेते, त्याला मी बोटीत घेणार नाही."

वॅटीने घरी येऊन पेज खाता खाता हे सांगितलं.

"मग तू काय म्हणालास?" बेथियाने विचारलं.

"म्हटलं, मान तिची, माझी नाही. आणि इतकी उंचावर आहे की मला नीट दिसतही नाही."

बेथिया हसली. वॅटीने चमचा खाली ठेवला.

"पण बेथी," तो म्हणाला, "नको गं."

वॅटीने तिला आजवर कशालाच नको म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने पिटकेर्नना सांगितलं की मरणाला मी बसणार नाही.

"अहो, पण मेल्ड्रमला कुऱ्हाड हवीच आहे! जिन्याच्या अगदी वर, जेवणघराच्या दाराशी."

"जेवायला जाताना?" मिसेस गाउ म्हणाली. "शी!"

"तोंड दिसणारच नाही तुमचं," पिटकेर्न विनवत होते. "ठोकळ्यावर डोकं, डोळ्यांना फडकं. नुसती पाठ आणि उघडी मान."

"साहेब, नवरा तर नको म्हणतोच," बेथिया म्हणाली, "पण मला स्वतःलाही होणार नाही. इतके दिवस तिचे कपडे घातले. मूर्ख होती, हट्टी होती, नवरे निवडायची तर तिला अक्कलच नव्हती. पण एवढी वर्षं एकटीला कोंडून ठेवलं आणि मग मारलं. मला ती आता आमच्या आळीतलीच वाटते. तिला मारायला माझं अंग देऊ मी?"

पिटकेर्न डोकं धरून बसले. मिसेस गाउची पाठ राणीची म्हणून खपली नसती. त्यात दोन राण्या मावल्या असत्या. तेवढ्यात कोपऱ्यातून खाकरणं ऐकू आलं. गिलक्रिस्ट चहा पीत बसले होते.

"उंचीचाच प्रश्न असेल," ते कपात बघत म्हणाले, "तर मी आहे."

सगळ्यांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"चुकलेली बाई होती, पण धीराने मेली असं म्हणतात," गिलक्रिस्ट घाईघाईने म्हणाले. "ते नीट, शोभेल असं दाखवलं पाहिजे. कुणा सोम्यागोम्याच्या पाठीला ते जमायचं नाही. फक्त हे इथल्या इथे राहील."

आणि अशा रीतीने न्यूहेवनच्या मंडळीचे वडील मंगो गिलक्रिस्ट मखमली झगा आणि लाल परकर घालून, दाढी छातीशी दाबून, ठोकळ्यापुढे गुडघे टेकून बसले. बेथिया झगा मागून बांधायला आली होती. "पोटात घ्या जरा," ती म्हणाली, "राणी आहात." त्यांनी पोट आत घेतलं.

वसंतात एडिनबर्गच्या एका मोठ्या दालनात सगळी चित्रं मांडली. मेल्ड्रमच्या जिन्यावर जाण्याआधी शहराने ती पाहावी म्हणून. पिटकेर्ननी न्यूहेवनच्या कोळणींना आवर्जून बोलावलं. त्या सणाचे परकर नेसून आल्या, मागून नवरेही आले, तांडेलसुद्धा. दालनात टोप्यांना पिसं लावलेल्या मोठ्या घरच्या बायका रुमालाने डोळे टिपत फिरत होत्या. मिसेस गाउ हातमोजे काढून चित्रातल्या हातांशेजारी सहज म्हणून आपले हात ठेवून उभी होती. गिलक्रिस्ट नवी हॅट घालून नॉक्सपाशी.

लीथच्या धक्क्यावर धुक्यात उतरणारी राणी पाहून आळीच्या बायका खूष झाल्या. "अगदी ताजी दिसतेस गं," मेसी म्हणाली. नॉक्सपाशी आल्यावर त्यांनी तोंडावर परकर धरले, पण हसू दाबलं. मग सगळ्या शेवटच्या चित्राकडे वळल्या.

चित्र मोठं होतं आणि खरोखर सुंदर होतं. काळोखी दालन, लाल परकर, पांढरं फडकं, आणि मधोमध, सगळा उजेड जिच्यावर पडलाय अशी उघडी मान. पिटकेर्ननी ती दुधासारखी गोरी केली होती, एक-दोन बटाही सोडल्या होत्या. शेजारची एक उमराव बाई हुंदका देऊन म्हणाली, "काय ते राजघराण्याचं सौष्ठव!"

न्यूहेवनकर मात्र एकमेकांकडे बघायला लागले. कारण ती मान ते सगळे लहानपणापासून ओळखत होते. पुढच्या बाकावरची मान. लांबलचक प्रवचनांत मागे बसून दुसरं बघायचं तरी काय? दोन बाजूंना किटलीच्या कानांसारखे कान, मधे ती खोलगट पन्हळ, पन्हळीच्या डाव्या बाजूला मसुरीएवढा मस. बंदरात शिरताना दीपस्तंभ ओळखावा तशी ती मान आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक.

"अगं," मेसी हळूच म्हणाली, पण दालनात तिचा आवाज घुमला, "हे तर आपलं रविवारचं…"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. गिलक्रिस्ट वळले. त्यांनी चित्राकडे पाहिलं, लोकांच्या तोंडांकडे पाहिलं, आणि त्यांचा हात आपोआप स्वतःच्या मानेवर गेला. चेहरा पार पांढरा पडला. पिसांच्या टोप्याही आता काय झालं म्हणून इकडे वळायला लागल्या होत्या.

बेथियाला ते सगळं वरून स्पष्ट दिसत होतं. ती पुढे झाली आणि चित्रासमोर उभी राहिली. तिच्या अंगाने निम्मं चित्र झाकलं.

"मान माझी आहे," ती म्हणाली. "मीच बसले होते."

बाजार जिंकणारा तिचा आवाज. दालनाच्या टोकापर्यंत गेला. वॅटीने तांडेलकडे पाहिलं. तांडेलने तोंडातला पाइप काढला. त्याने बेथियाच्या कडेने चित्राचा उरलेला भाग नीट पाहिला, मग गिलक्रिस्टकडे पाहिलं, मग पुन्हा बेथियाकडे.

"बाई म्हणते आपली, तर बाईचीच असेल," तो म्हणाला. मग वॅटीच्या पाठीवर थाप मारून पुढे म्हणाला, "सोमवारी भरतीला ये. उशीर करू नकोस."

त्यानंतर त्या मानेबद्दल न्यूहेवनमध्ये उघडपणे कुणी बोललं नाही. बोलायची गरजही नव्हती. मिस्टर गिलक्रिस्ट भर उन्हाळ्यातही गळ्याभोवती लोकरी मफलर गुंडाळायला लागले आणि पुढच्या बाकावरून उठून अगदी मागे जाऊन बसले. तेव्हापासून प्रवचनं लोकांना फारच लांब वाटायला लागली. चित्रं मेल्ड्रमच्या जिन्यावर गेली. त्याच्या घरी जेवायला जाणारे पाहुणे थोडं कमी जेवत, असं त्याचा स्वयंपाकी सांगे. पिटकेर्ननी नंतर बेथियाला कुणा संतिणीसाठी विचारलं. संतिणी उभ्याच असतात, बसत नाहीत, असं कळल्यावर तिने नाही म्हटलं. ती पुढेही कितीतरी वर्षं टोपली घेऊन तोच चढ चढली, आणि मिसेस गाउ तिच्याशी हॅडकवरून नेमाने भांडली.

पण प्रदर्शनानंतरची एक दुपार सांगायची राहिली. बायका आळीत गळ लावत बसल्या होत्या. गिलक्रिस्ट एक पिंप घरंगळवत आले आणि त्यांनी ते बेथियाच्या दाराशी उभं केलं. कोरं, ओकच्या लाकडाचं, पट्ट्या घट्ट ठोकलेल्या.

"गळत नाही," ते म्हणाले.

"बघू," बेथिया म्हणाली. "बरं दिसतंय."

ते गेले नाहीत. मफलरशी चाळा करत उभे राहिले. शेवटी म्हणाले, "त्या तळ्यातल्या किल्ल्यातून ती सुटली कशी मग? साहेबांनी तेवढंच काढलं नाही."

बेथियाने पायाने एक टोपली पालथी करून पुढे सरकवली. "बसा. पण हात रिकामे ठेवून इथे कुणी बसत नाही." तिने त्यांच्या मांडीवर गळांची दोरी आणि शिंपल्यांचं भांडं ठेवलं. "पहिल्यांदा धोबिणीचे कपडे घालून निघाली. होडीत बसली, तोंडावर फडकं. होडीवाल्याने फडकं ओढायला हात घातला, हिने हात वर केला, आणि हात दिसले. गोरे, मऊ. झालं, आणली परत."

"माझे असते तर पलीकडे पोचली असती," मेसी आपले हात पुढे करून म्हणाली.

"मग?" गिलक्रिस्टनी विचारलं. ते इतके पुढे झुकले होते की गळ भसकन अंगठ्यात घुसला, आणि त्यांच्या तोंडून असा एक शब्द निघाला की मेसीने कानांवर हात ठेवले.

"दुसऱ्यांदा," बेथिया काही ऐकलंच नाही अशा सुरात म्हणाली, "किल्ल्याच्या किल्ल्या चोरल्या."